ऑब्री नावाची घंटा

आमच्या गावात वेबसाइट बनवणारी मी एकटीच आहे. त्यामुळे गावातली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट, हे दोन्ही मान माझ्याकडेच. बोलिंग क्लबच्या कमिटीनं मला काम दिलं तेही याच पात्रतेवर. मोबदला ठरला वर्षभराचं सभासदत्व आणि शुक्रवारच्या सोडतीतला एक मांसाचा ट्रे. मी बारा वर्षांत मांसाला हात लावलेला नाही, हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

"मग दे की कुणाला तरी," अध्यक्ष वॉरिक ट्रेगेंझा म्हणाला, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

वॉरिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला, म्हणजे पगार घेणं तेवढं थांबलं. बाकी सगळं चालू आहे. त्यानं मला क्लबच्या व्हरांड्यात उभं करून वेबसाइट कशी हवी ते सांगितलं. पहिल्याच पानावर हिरवळ दिसली पाहिजे आणि हिरवळीवर गोळा घरंगळत राहिला पाहिजे. "थांबायला नको, ब्रॉन. सारखा फिरत राहायला हवा. आणि स्मूद!" हा शब्द त्यानं नुकताच नातवाकडून उचलला होता आणि जिथं जागा मिळेल तिथं ठेवून देत होता.

आमच्या खेळातला गोळा सरळ जात नाही. त्याची एक बाजू मुद्दाम जड केलेली असते, त्या बाजूला लहान वर्तुळ कोरलेलं असतं, आणि वेग कमी होत गेला की गोळा त्या बाजूला वळत जातो. म्हणून टाकण्याआधी लहान वर्तुळ आतल्या बाजूला आहे ना, एवढं बघायचं. सहा वर्षांच्या पोराला जमतं. ते बघायचं राहिलं, तर गोळा उलटा वळतो आणि शेजारच्या पट्टीत, दुसऱ्यांच्या खेळात जाऊन बसतो. आमच्या गावात एखाद्यानं खून केला तर लोक दोन-चार वर्षांत सांभाळून घेतील. उलटा गोळा कुणी सांभाळून घेत नाही.

हे मी ऑब्री पेनिकॉटवरून सांगते. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या अंतिम सामन्यात शेवटचा गोळा त्याच्या हातात होता आणि तो त्यानं उलटा टाकला. टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या क्लबांसाठीची विजेतेपदाची ढाल गेली ती गेलीच. पुढच्याच आठवड्यात क्लबनं एक पितळी घंटा आणून बारवर टांगली. जो कुणी उलटा गोळा टाकेल त्यानं सगळ्यांसमोर ती वाजवायची. घंटेचं नाव ठेवलं ऑब्री. "आज कोण ऑब्री वाजवणार?" असं विचारूनच आमचा शनिवार सुरू होतो. खरा ऑब्री त्यानंतर एकही सामना खेळला नाही. त्यानं हिरवळ सांभाळायला घेतली. सत्तावीस वर्षं तो गवत कापतोय, रोलर फिरवतोय, पाणी देतोय, आणि दर शनिवारी तो हिरवळ ओलांडायला लागला की व्हरांड्यातून कुणीतरी ओरडतं, "ऑब्री, लहान वर्तुळ कुठंय रे?" ऑब्री हात वर करतो आणि हसतो. सगळे हसतात. सामना झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे माझं सगळं हसणं त्यात धरा.

तर गोळा. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान सजवायच्या भाषेत, असं चित्र हलवायचं म्हणजे कीफ्रेम लिहायच्या. शून्य टक्क्याला गोळा इथं, शंभर टक्क्यांना तिथं, मधलं ब्राउझर बघून घेतो. शेवटी 'इन्फिनिट' असा एक शब्द टाकला की तेच पुन्हा पुन्हा, वीज आहे तोवर. मी पहिला गोळा केला तो डावीकडून निघून उजवीकडच्या जॅकपाशी, म्हणजे ज्याच्या जवळात जवळ गोळा न्यायचा त्या छोट्या पांढऱ्या चेंडूपाशी पोचायचा, आणि पोचला रे पोचला की गायब होऊन पुन्हा डावीकडे उगवायचा.

"झटका बसतोय," वॉरिक म्हणाला.

"शेवट आणि सुरुवात वेगळ्या जागी आहे ना, म्हणून."

"मग एका जागी आण."

मुख्याध्यापकांनी सांगितलं की सोपं वाटतं. गंमत म्हणजे, ते खरंच तेवढंच असतं. शून्य टक्के आणि शंभर टक्के तंतोतंत एक केले की सांधा दिसत नाही, कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं ते बघणाऱ्याला कळत नाही. गोळा आल्या वाटेनं मागं नेऊन पाहिला, तर कुणीतरी दोरीनं ओढतंय असं वाटायला लागलं. मग मी लंबगोल केला. गोळा खालच्या कमानीनं जॅकपर्यंत जायचा आणि वरच्या कमानीनं परत यायचा. आठ सेकंदांत एक फेरी, वेग सगळीकडे सारखा, कुठं अडखळणं नाही. आपल्याच कामावर मी इतकी खूश झाले की चहा गार होईस्तोवर बघत बसले. शोभा यावी म्हणून गोळ्याच्या वरच्या अंगाला लहान वर्तुळही काढलं. इथंच माती खाल्ली, पण ते कळायला अजून दोन दिवस होते.

मोसमाच्या उद्घाटनाला तेरा दिवस राहिले होते. रविवारी सगळ्या सभासदांचं श्रमदान होतं. बाकं रंगवून झाली, गटारं साफ झाली, आणि दुपारच्या जेवणाला वॉरिकनं घोड्यांच्या शर्यती बंद करून बारवरच्या टीव्हीला माझा लॅपटॉप जोडायला लावला. तीस-पस्तीस जण होते. सेक्रेटरी ग्लेनिस हॉब्डे बारच्या आत उभी होती, घंटेच्या अगदी खाली. ऑब्री सॉसेज रोलचा ट्रे घेऊन टेबलांमधून फिरत होता.

गोळा निघाला. डौलात गेला, डौलात वळला. लोकांनी "वा!" म्हटलं. वॉरिकनं कॉलर नीट केली. गोळा जॅकपाशी पोचला आणि वरच्या कमानीनं परत निघाला.

"थांबा थांबा थांबा," ग्लेनिस म्हणाली. "येताना बघा. वर्तुळ बाहेर आहे!"

होतंच. सीएसएस गोळा सरकवतं, तो वळवून धरा असं सांगितल्याशिवाय वळवत नाही. जाताना वर्तुळ वर होतं, तेव्हा वर म्हणजे आत. परत येतानाही ते वरच राहिलं, पण आता वर म्हणजे बाहेर. क्लबच्या पहिल्या पानावर, आख्ख्या जगासमोर, दर आठ सेकंदांनी एक उलटा गोळा पडत होता.

मग जो हशा पिकला तसा मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. "ब्रॉननं ऑब्रीला वेबसाइटवर टाकलं!" कुणीतरी ओरडलं. ग्लेनिसनं घंटेची दोरी ओढली. गोळा फिरून पुन्हा आला. तिनं पुन्हा ओढली. मग लोकांनी ठेकाच धरला. गोळा जॅकपाशी पोचला की सगळे मिळून "ऑब्री!" आणि टणकन घंटा. माझा हात लॅपटॉपवरच होता. बंद करायला एक बटण पुरलं असतं. पण इतक्या लोकांना माझं काम प्रथमच आवडलं होतं, आणि मीही हसत होते.

ऑब्रीही हसत होता. पहिल्या घंटेला त्यानं हात वर करायचा प्रयत्न केला, पण हातात ट्रे होता. सातव्या-आठव्या घंटेला तो नुसता उभा होता. विसाव्या घंटेला मी पाहिलं तेव्हा ट्रे टेबलावर होता आणि तो नव्हता. ट्रेशेजारी एक किल्ल्यांचा जुडगा होता, हिरवळीच्या शेडचा.

"येईल उद्या," वॉरिक म्हणाला. "ऑब्री खेळकर आहे."

ऑब्री उद्या आला नाही. परवाही आला नाही. गवताला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं, ते वाढत राहिलं. गुरुवारी वॉरिकनं स्वतः मशीन काढलं आणि दुसऱ्या पट्टीच्या टोकाला मातीपर्यंत हजामत करून ठेवली. मग कमिटीची तातडीची सभा झाली. त्यात ठरलं की ऑब्रीचं मन दुखावलं असल्यास त्याला मी जबाबदार आहे, कारण गोळा माझा. घंटेचा उल्लेख इतिवृत्तात नाही. इतिवृत्त ग्लेनिस लिहिते.

शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉप काखोटीला मारून ऑब्रीकडं गेले. सोबत सोडतीतला मांसाचा ट्रे घेतला, दुसरं द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकटा राहतो, आणि घरापुढचं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. आयुष्यभर दुसरीकडचं गवत कापणाऱ्याचं तसंच असतं म्हणा.

"ते मुद्दाम नव्हतं, ऑब्री," मी दारातूनच म्हणाले. "माझी चूक झाली. मला दिसलंच नाही."

"माहिताय मला," तो म्हणाला. "तुला जर दिसलं असतं तर तू क्लबात असतीस का? आत ये. चॉप्स आहेत का त्यात?"

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी त्याला राग आला का विचारलं. तो चॉप्स फ्रिजमध्ये रचत राहिला. सगळे रचून झाल्यावर म्हणाला, "राग नाही गं. सत्तावीस वर्षं हसलो. दमलो आता."

मग मी एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "त्या दिवशी झालं काय होतं?"

ऑब्रीनं माझ्याकडं बघितलं. "हे कोणी विचारलंच नाही कधी," तो म्हणाला. "मॉस."

"काय?"

"तिसऱ्या पट्टीत मॉस दिसलं मला, शेवाळ गं. एवढंसं, हाताच्या पंजाएवढं. मी गोळा उचलला आणि वाटलं, अरे, हे वेळेवर काढलं नाही तर पसरणार सगळीकडं. तेवढ्यात गोळा हातातून गेलेला." तो ओशाळून हसला. "आणि गेला पण बघ कुठं. बरोब्बर त्या मॉसवर जाऊन थांबला."

मी हसले नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तिथं हसू येण्यासारखं होतं आणि मला फार वाईट वाटत होतं. एका माणसाचं लक्ष गवताकडं गेलं, म्हणून गावानं घंटा घेतली, आणि तोच माणूस सत्तावीस वर्षं त्या गावाचं गवत कापत राहिला.

मी लॅपटॉप उघडला आणि गोळा दाखवला. ऑब्रीनं चष्मा लावून तीन फेऱ्या नीट बघितल्या. "वर्तुळाचं सोड," तो म्हणाला. "हा गोळाच नव्हे. दिव्याभोवती माशी फिरावी तसा फिरतोय. याचा वेग कमी होत नाही कुठं, थांबत नाही कुठं. मग वळेल कसा? गोळा थकला की वळतो."

तो उठला, पलंगाखालून एक गोळा काढून आणला आणि बोळातल्या गालिच्यावर मला टाकून दाखवला. सत्तावीस वर्षांत त्याला टाकताना मी पहिल्यांदा पाहत होते. वाकला, हातातलं वर्तुळ बघितलं, अंगठ्यानं चाचपलं, पुन्हा बघितलं, आणि सोडला. गोळा भिंतीच्या कडेनं गेला, हळू झाला, आणि अगदी शेवटी मान वळवून न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी टेकला.

"आता तो परत कसा येणार?" ऑब्रीनं विचारलं.

"वरच्या कमानीनं..."

"अगं, स्वतःहून कसा येईल? कुणीतरी तिथपर्यंत चालत जातं. वाकतं. उचलतं, फिरवून बघतं. मग टाकतं."

त्याच टेबलावर बसून मी कीफ्रेम नव्यानं लिहिल्या. गोळा जाताना मंद होत जाईल. पंचेचाळीस टक्क्यांना जॅकपाशी थांबेल. पंचेचाळीस ते पन्नास तो जागेवर अर्धा फिरेल, म्हणजे वर्तुळ पुन्हा आत. मग परत, तसाच मंदावत, आणि इकडच्या टोकालाही तेच. शून्य आणि शंभर अजून एकच होते, सांधा अजून दिसत नव्हता, पण आता मध्ये माणसाला वाकायला जागा होती. ऑब्रीनं दोनदा वेग बदलायला लावला आणि एकदा मला "बावळट" म्हणाला. मला बरं वाटलं.

"हे किती वेळा होणार?" त्यानं विचारलं.

"थांबतच नाही. शेवटी इन्फिनिट लिहिलंय ना."

"आणि एकदाच करायचं असलं तर?"

"मग तिथं एक लिहायचा. एकदा जाऊन येईल आणि मग जागेवरच राहील."

ऑब्रीनं पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "घंटेला लिहिता येतं का असं?" तो म्हणाला.

मी लॅपटॉप मिटला आणि विषय बदलायचा म्हणून सांगितलं की काल वॉरिकनं मशीन चालवलं.

ऑब्रीचा कप हवेतच थांबला. "कितीवर?"

"कितीवर म्हणजे?"

"उंची, उंची! पातं किती उंचीवर लावलं होतं त्यानं?"

"मला काय माहीत. दुसऱ्या पट्टीला माती दिसतीय."

तो बूट शोधायला उठला. निघताना क्लबातून उचललेल्या किल्ल्या माझ्या खिशातच होत्या. "मी त्यांच्यासाठी येत नाहीये," तो दारात म्हणाला. "गवताचा काय दोष."

उद्घाटनाच्या शनिवारी हिरवळ अशी होती की तिच्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. हजामतीच्या जागी ऑब्रीनं घरामागून आणलेला गवताचा तुकडा बसवला होता आणि आठ दिवस त्याच्यापाशी उकिडवा बसून होता. टीव्हीवर नवा गोळा जात-येत होता. मी वॉरिकला विचारलं होतं की गोळा एकदाच जाऊन-येऊन थांबला तर चालेल का. "सारखा फिरायला हवा," तो म्हणाला, "तसा ठरावच आहे." उपमहापौर आले होते, त्यांच्या पत्नी आल्या होत्या, आणि ऑब्री शेडच्या दारात, सगळ्यांच्या मागं उभा होता.

वॉरिकनं वीस मिनिटं भाषण केलं. परंपरा झाली, शिस्त झाली, स्मूद झालं. मग एका हातात माइक तसाच ठेवून, दुसऱ्या हातानं त्यानं मोसमाचा पहिला गोळा उचलला, व्हरांड्याकडं बघून हसला, आणि टाकला.

गोळा उलटा वळला. घाई नव्हती त्याला. दुसरी पट्टी ओलांडली, तिसरी ओलांडली, आणि उपमहापौरांच्या पत्नीच्या पर्सला टेकून उभा राहिला.

वॉरिकच्या हातातला माइक चालू होता, त्यातून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग एकेक मान वळायला लागली, वॉरिककडं नव्हे, शेडकडं. सत्तावीस वर्षांनी ऑब्रीची पाळी आली होती आणि ते सगळ्यांना एकदम कळलं होतं. खरं सांगते, मी मनातल्या मनात त्याच्यासाठी वाक्य तयार करत होते.

ऑब्री हिरवळीवर आला. तिसऱ्या पट्टीच्याही पलीकडं सावकाश चालत गेला, वाकला, गोळा उचलला, फिरवून बघितला. परत येऊन त्यानं तो वॉरिकच्या हातात ठेवला, लहान वर्तुळ आतल्या बाजूला.

"पुन्हा टाक," तो म्हणाला. माइकमुळं सगळ्यांनी ऐकलं. "तिसऱ्या पट्टीत मॉस आलंय जरासं. तिकडं लक्ष गेलं असेल तुझं."

त्या हिरवळीवर मॉसचा कणही नव्हता. वॉरिकला ते माहीत होतं. मला वाटलं, संपलं. आता या गावात काहीतरी संपलं.

मग व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, "वॉरिक, लहान वर्तुळ कुठंय रे?" आणि ग्लेनिसनं दोरी ओढली.

संध्याकाळपर्यंत घंटेचं नाव बदललं होतं. तसा ठराव झाला नाही, गरज पडली नाही. रविवारी वॉरिक पेपर आणायला गेला तर दुकानदारानंही वर्तुळाचं विचारलं. चर्चच्या पायऱ्यांवर विचारलं. वॉरिक हात वर करून हसला म्हणे. सोमवारी सकाळी तो, मी जिथं काम करते त्या गॅरेजच्या दारात उभा होता, आणि दोन दिवसांत त्याची कॉलर कुणी नीट केलेली दिसत नव्हती.

"ब्रॉन, ते चित्र आहे ना," तो म्हणाला. "गोळ्याचं. लोक ते बघतात आणि... ते थांबवता येतं का?"

"थांबवू? तुला तर सारखा फिरायला हवा होता."

"हो, पण."

"स्मूद."

"ब्रॉन," तो म्हणाला. मुख्याध्यापक असं बोलतात हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, गोळा ऑब्रीनं बसवलाय, त्याला विचारून सांगते. हे निव्वळ दुष्टपणानं म्हटलं. ऑब्रीला एकदा तरी नाही म्हणायचं सुख मिळावं, अशी माझी इच्छा होती. वॉरिक तिथंच उभा असताना मी फोन लावला. मागं मशीनचा आवाज येत होता, तो बंद झाला, आणि मी ऑब्रीला सगळं सांगितलं.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"शनिवारपासून. दोन."

"दोन दिवस," ऑब्री म्हणाला. "फार झाले गं. थांबव लगेच."

मी फाइल उघडली, इन्फिनिट पुसलं आणि तिथं एक लिहिला.